अनोळखी मित्र आणि घराची सदर



ज्या माणसाला आपण प्रत्यक्ष पाहिलेले नाही, ज्याच्या घराचा उंबरठा ओलांडलेला नाही, ज्याला ओळखणारा एकही मनुष्य आपल्या ओळखीचा नाही, त्याला मित्र म्हणता येईल काय? म्हणता येत असेल, तर त्याच्यावर विश्वास किती टाकावा? हा प्रश्न आज घरोघरी उभा आहे. महाविद्यालयात जाणारी मुलगी, नोकरीनिमित्त परगावी एकटा राहणारा मुलगा, मुले परदेशी गेल्यामुळे रिकाम्या घरात संध्याकाळ काढणारे सेवानिवृत्त गृहस्थ, पतीच्या निधनानंतर बोलायला कोणी न उरलेली भगिनी, या सर्वांच्या हाती आता फोन आहे, आणि त्या फोनच्या पडद्यावर कोणीतरी अनोळखी व्यक्ती ‘आपण कसे आहात?’ असे आपुलकीने विचारीत आहे.

आपल्या समाजापुरते पाहिले, तर हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा आहे. वसई, अहिल्यानगर, जालना, सोलापूर या भागांत मराठी ख्रिस्ती कुटुंबे संख्येने बरी असली, तरी इंदूर, भोपाळ, रायपूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली अशा शहरांत ती विखुरलेली आहेत. मराठीत प्रार्थना करणारा समवयस्क सोबती, किंवा विवाहासाठी अनुरूप स्थळ, आपल्याच गावात मिळेल असे नाही. अशा वेळी दूरच्या माणसाशी लेखी ओळख करून घेणे ही चैन नसून अनेकांची गरज असते.

या गरजेला आपल्याकडे दोन उत्तरे दिली जातात. वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘अनोळखी माणसाशी बोलूच नका.’ हे उत्तर सोपे आहे; परंतु ते ज्याला दिले जाते तो ऐकत नाही, कारण त्याच्या एकटेपणावर त्यात काहीच उपाय नसतो. दुसरे उत्तर भाविक मनाचे आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायाचा आधार घेऊन काही जण म्हणतात की, प्रीती करणाऱ्याने संशय घेणे हेच मुळी पाप होय. हे उत्तर पहिल्याहून थोर वाटते, पण फसवणारा मनुष्य नेमक्या याच उत्तराची वाट पाहत असतो. म्हणून या दोहोंच्या पलीकडे जाऊन विचार केला पाहिजे.

ठगांचा रस्ता

हा लेख जबलपूरच्या सदर भागातून लिहीत आहे. अनोळखी सोबत्यावर विश्वास टाकावा काय, या प्रश्नाला या शहराइतका जुना साक्षीदार क्वचितच सापडेल. नर्मदेच्या खोऱ्यातील हा मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ नंतर इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८३० च्या दशकात ठगांविरुद्धची मोहीम विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने येथून चालविली. ठगांच्या टोळीत सामील असणे हाच गुन्हा ठरविणारा कायदा १८३६ साली झाला. ठगांची संख्या आणि त्यांच्या कृत्यांचा विस्तार इंग्रज अधिकाऱ्यांनी फुगवून सांगितला, असे मानणारे इतिहासकार आहेत व त्यांचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. तथापि पकडलेल्या माणसांच्या जबान्यांतून त्यांची जी रीत दिसते, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे.

ठग तलवार उपसून येत नसे. तो सोबती म्हणून येत असे. त्या काळी रस्ते निर्जन होते, चोरांचे भय होते, आणि एकट्यादुकट्या प्रवाशाला सोबत हवीशी वाटे. टोळीत गोड बोलून ओळख करून घेणारी माणसे निराळी असत. प्रवासी कोठला, कोठे चालला, हे ती सहज बोलण्यात काढून घेत, आणि ‘आम्हीही तिकडेच चाललो आहोत, रस्ता चांगला नाही, बरोबरच जाऊ’ असे म्हणत. मग कधी काही कोस, तर कधी कित्येक दिवस एकत्र प्रवास होई. एकत्र जेवण होई, गाणी आणि गोष्टी होत. शेवटी आधी ठरविलेल्या एखाद्या जागी त्या प्रवाशाच्या गळ्यात रुमालाचा फास पडे.

वाचकहो, यातील एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या प्रवाशाच्या अंगी मूर्खपणा नव्हता आणि लोभही नव्हता. त्याला सोबत हवी होती, आणि सोबत हवी असणे हे माणसाला शोभणारेच आहे. रुमाल हे ठगाचे शेवटचे हत्यार झाले. पहिले हत्यार म्हणजे त्या प्रवाशाचा एकटेपणा. दुसरी गोष्ट अशी की, तो कोणाबरोबर गेला हे सांगणारा मागे कोणीच नसे. घरची माणसे महिनोन्महिने वाट पाहत राहत. ज्या मैत्रीला एकही साक्षीदार नव्हता, तीच जीवघेणी ठरत असे.

रस्ता बदलला, रीत तीच

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्यानंतर दहा-बारा वर्षांत आपली तरुण मुले ऑर्कुटसारख्या संकेतस्थळांवर मित्र जोडू लागली. २००७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत सोळा वर्षांच्या एका मुलाचे खंडणीसाठी अपहरण होऊन खून झाला. ऑर्कुटवरील ओळखीचा या प्रकरणाशी संबंध असल्याचे पोलिसांचे म्हणणे होते. २०१२ साली सत्र न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. म्हणजे गुन्हा कोणी केला हे न्यायालयात शाबीत झाले नाही. परंतु आपला मुलगा दार बंद करून कोणाशी बोलतो, हा प्रश्न त्या वेळी अनेक आईवडिलांच्या मनात शिरला, तो अजून गेलेला नाही.

आज मात्र धोका केवळ मुलांना राहिलेला नाही. फसवणुकीचा एक प्रकार तर इतका रुळला आहे की त्याचे टप्पे मोजून सांगता येतात. परदेशी राहणारा एखादा डॉक्टर, अभियंता किंवा लष्करी अधिकारी ओळख काढतो. बहुधा तो विधुर असतो आणि त्याला एक लहान मूल असते. समोरची व्यक्ती ख्रिस्ती आहे असे दिसताच तोही भाविक होतो. रोज सकाळी शास्त्रवचन पाठवितो, आजारी आईसाठी प्रार्थना करतो, ‘देवानेच आपली भेट घडविली’ असे म्हणतो. काही आठवड्यांनी तो भेटवस्तूंचे पार्सल पाठविल्याचे कळवितो. मग विमानतळावरील सीमाशुल्क अधिकारी म्हणून कोणाचा तरी फोन येतो आणि पार्सल सोडविण्यासाठी अमुक रक्कम एका बँक खात्यात भरण्यास सांगितले जाते. एकदा भरले की दुसरी रक्कम, मग दंड, मग अटकेची भीती. वास्तविक सीमाशुल्क खाते कोणालाही फोन करून खासगी खात्यात पैसे भरावयास सांगत नाही. पण तोवर मन इतके गुंतलेले असते की ही साधी गोष्टही सुचत नाही.

दुसऱ्या प्रकारात मित्र पैसे मागत नाही. तो पैसे वाढविण्याचा मार्ग दाखवितो, आणि सुरुवातीला थोडा नफा हातीही देतो. तिसऱ्या प्रकारात तो किंवा ती खासगी छायाचित्रे मिळविते आणि नंतर ती नातेवाइकांना पाठविण्याची धमकी देते. जबलपूरसारख्या शहरात चौथाही धोका आहे. येथे लष्करी छावणी आहे, गन कॅरेज फॅक्टरी आहे, खमरियाचा दारूगोळा कारखाना आहे, व्हेइकल फॅक्टरी आहे. संरक्षण खात्यातील माणसांशी खोट्या नावाने मैत्री करून माहिती काढून घेतल्याचे आरोप असलेले खटले देशात अनेक ठिकाणी उभे राहिले आहेत. अशा वेळी एका माणसाच्या भोळेपणाची किंमत कदाचित दुसऱ्या कोणाला मोजावी लागते.

या सर्व प्रकारांत ठगाच्या रस्त्यावरील तीन खुणा कायम आहेत. अनोळखी माणूस आपली गरज ओळखतो, आपल्याबरोबर बराच काळ चालतो, आणि आपल्याला आपल्या माणसांपासून बाजूला घेतो. ‘आपले हे नाते सध्या कोणाला सांगू नकोस, लोकांना ते कळणार नाही,’ हे वाक्य ज्या दिवशी येते, त्या दिवशी तो रस्ता सोडून आडवाटेला वळलेला असतो.

प्रीती आणि विश्वास

येथे आपला मूळ प्रश्न उभा राहतो. पारख करणे म्हणजे प्रीतीत उणे पडणे काय? ‘मी तुझ्यावर प्रेम करते, तरी तू माझी खात्री करून घेतेस?’ असे म्हणून एखादी मैत्रीण रुसली, तर आपण तिचा अपमान केला काय?

माझ्या मते या घोटाळ्याचे मूळ असे की, आपण प्रीती आणि विश्वास या दोन गोष्टी एकच धरतो. आपल्या भाषेने मात्र त्या वेगळ्या ठेवल्या आहेत. प्रीती आपण करतो. विश्वास आपण ठेवतो. प्रीती हे देणे आहे. ते सर्वांना द्यावयाचे असते, वैऱ्यालाही. विश्वास ही ठेव आहे, आणि ठेव कोठे ठेवावी याचा विचार करणारा माणूस कंजूष ठरत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी एक लहानशी नोंद आहे, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. वल्हांडण सणाच्या वेळी यरुशलेमेत पुष्कळ लोकांनी येशूची चिन्हे पाहून त्याच्यावर विश्वास ठेवला. येशूने मात्र स्वतःला त्यांच्या हवाली केले नाही, कारण मनुष्याच्या अंतरात काय असते हे त्याला ठाऊक होते. ज्याने त्याच लोकांसाठी प्राण दिला, त्याने त्यांच्यावर प्रीती केली नाही असे कोण म्हणेल? प्रीती पूर्ण होती, तरी विश्वास जपून होता. या दोन गोष्टी एकाच हृदयात राहू शकतात.

पारख केल्याने खरा माणूस दुखावतही नाही. नासरेथातून काही चांगले निघेल काय, अशी शंका नथनेलाने बोलून दाखविली, तेव्हा फिलिप्पाने वाद घातला नाही. येऊन पाहावयास सांगितले. आणि येशूने त्या शंकेखोर माणसात कपट नाही असे म्हणून त्याची वाखाणणीच केली. ज्याच्याजवळ लपविण्यासारखे काही नाही, त्याला ‘येऊन पाहा’ म्हणणे जड जात नाही.

उलट पारख केली तरी ती कशी करावी हे न कळल्यास काय होते, याचे उदाहरण यहोशवाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात आहे. गिबोनकर जवळच राहणारे. पण फाटकी पोती, ठिगळे लावलेली पायतणे आणि बुरसलेल्या भाकरी घेऊन ते आले आणि ‘आम्ही फार दूरच्या देशाहून आलो’ असे सांगू लागले. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी त्यांची शिदोरी तपासून पाहिली, करार केला, आणि तीन दिवसांनी सत्य कळले. त्यांनी तपास केला नाही असे नाही. चूक इतकीच झाली की, पुरावा त्यांनी आलेल्या माणसांच्याच झोळीतून घेतला. पडद्यावरील मित्राने पाठविलेले छायाचित्र, गणवेश, ओळखपत्राची प्रत, विमानाचे तिकीट ही सर्व त्याच्या झोळीतील बुरसलेली भाकर आहे. आता तर बोलताना दिसणारा चेहरा आणि ऐकू येणारा आवाजदेखील यंत्राने बनविता येतो. म्हणून पुरावा नेहमी तिसऱ्याकडून घ्यावा.

पौलाला ही अडचण पहिल्या शतकातच ठाऊक होती. थेस्सलनीकाकरांस दुसरे पत्र लिहिताना, आपल्या नावाने आलेल्या एखाद्या पत्रामुळे घाबरून जाऊ नका, असे तो बजावतो. आणि त्या पत्राच्या शेवटी स्वतःच्या हाताने सलाम लिहून, प्रत्येक पत्रातील हीच आपली खूण आहे असे सांगतो. खुद्द प्रेषिताला आपले पत्र ओळखू यावे म्हणून खूण द्यावीशी वाटली. रोमकरांस लिहिताना फिबी या भगिनीची त्याने शिफारस केली, ती याचसाठी. आपल्या मंडळ्यांतही कुटुंब एका गावाहून दुसऱ्या गावी गेले की मंडळीचा दाखला नेण्याची रीत आहे. त्या दाखल्याने कोणाचा अपमान झाला असे आपण कधी ऐकले आहे काय?

सदर कशासाठी असते

जबलपूरचे सदर म्हणजे छावणीची बाजारपेठ. पेंटीनाक्यापासून क्रमांक घातलेल्या गल्ल्यांपर्यंत येथे देशाच्या सर्व भागांतून आलेल्या पलटणींची आणि त्यांच्या कुटुंबांची वर्षानुवर्षे ये-जा राहिली आहे. रोज नवे चेहरे, नव्या भाषा. तरी व्यवहार होत राहिला, कारण तो दहा जणांच्या देखत होत असे. मराठीत सदर या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. जुन्या वाड्यात दर्शनी बाजूस बैठकीची जी मोकळी जागा असे, ती सदर. परका मनुष्य आला की त्याला दाराबाहेर ताटकळत ठेवीत नसत आणि एकदम माजघरातही नेत नसत. सदरेवर बसवीत, पाणी देत, विचारपूस करीत. घरातील चार माणसे येता-जाता त्याला पाहत. ओळख वाढली की मग माणूस ओसरीवर, पुढे जेवणाच्या पंगतीला, आणि क्वचित कोणी माजघरापर्यंत पोहोचे.

आपल्या फोनने ही सदरच काढून टाकली आहे. अनोळखी मनुष्य आता थेट आपल्या उशाशी येऊन बसतो, रात्री अकरा वाजता, आणि घरात कोणालाही त्याचा पत्ता नसतो. पूर्वीच्या पत्रमैत्रीत तसे नव्हते. १८७० च्या मार्चमध्ये मुंबई आणि कलकत्ता यांच्यामधील लोहमार्ग जबलपूर येथे जोडला गेला, तेव्हापासून कितीतरी टपाल या शहरातून गेले. त्या प्रत्येक लिफाफ्यावर टपाल कचेरीचा शिक्का असे. पत्र कोठून निघाले हे तो शिक्का सांगे, आणि लिहिणाऱ्याला तो बदलता येत नसे. पोस्टमनला ठाऊक असे, आईला ठाऊक असे, पत्र पंधरा दिवसांनी येत असल्यामुळे मनाला विचार करावयास अवकाश मिळे. त्या मैत्रीला सदर होती.

ती आपल्याला पुन्हा बांधता येईल. त्यासाठी फार मोठे ज्ञान लागत नाही. नवी ओळख झाली की पहिल्या आठवड्यातच ती घरातील एका तरी माणसाला सांगावी, आणि ‘मी तुझ्याबद्दल घरी सांगितले आहे’ असे त्या मित्रालाही कळवावे. मग काय होते ते शांतपणे पाहावे. सज्जनाला आनंद होईल. फसविणारा रागावेल, रुसेल किंवा नाहीसा होईल. या एका कसोटीइतकी स्वस्त आणि खरी कसोटी दुसरी नाही.

तो अमुक मंडळीचा सभासद असल्याचे सांगत असेल, तर त्या मंडळीच्या पाळकसाहेबांकडे चौकशी करावी. मात्र त्यांचा दूरध्वनी क्रमांक त्याच्याकडून घेऊ नये, आपण स्वतंत्रपणे मिळवावा. घराचा पत्ता, रोजची जाण्या-येण्याची वेळ, मुलांच्या शाळेचे नाव, बँकेचा तपशील, फोनवर येणारा ओटीपी या माजघरातील वस्तू आहेत. त्या सदरेवर मांडू नयेत. जे छायाचित्र आपल्या वडिलांनी पाहिले तर आपल्याला लाज वाटेल, ते कोणालाही पाठवू नये. पडद्यावरच्या मित्राला पैसे देऊ नयेत, आणि त्याच्या सांगण्यावरून कोठे गुंतवूही नयेत. भेटावयाचे ठरले तर दिवसा, गर्दीच्या जागी भेटावे. येथील सदर भागात इंडियन कॉफी हाऊससारखी एखादी जागा असते, तशी प्रत्येक शहरात असतेच. घरी सांगून जावे, बरोबर कोणाला तरी न्यावे, आणि जाण्या-येण्याची सोय आपली आपण करावी. अठरा वर्षांखालील मुलांनी तर आईवडिलांवाचून अशी भेट घेऊच नये.

यावर कोणी म्हणेल, सर्वांचीच घरे अशी नसतात. काही घरांत मुलीने मित्राचे नाव काढताच मारहाण होते. हे खरे आहे, आणि फसविणाऱ्याला असेच घर सोयीचे पडते. जेथे सांगण्याची सोय नाही तेथे लपविण्याची सवय लागते. अशा मुलीने मावशी, शिक्षिका, पाळकांच्या पत्नी, कोणीतरी एक विश्वासू व्यक्ती निवडावी. पण खरी जबाबदारी वडीलधाऱ्यांवर येते. आपल्या मुलांनी आपल्याला सांगावे असे वाटत असेल, तर सांगितल्यावर आपला हात आणि आपली जीभ आवरली पाहिजे.

उपाय आणि ऋण

एवढे करूनही कोणी फसले, तर काय करावे? प्रथम, लाजेने गप्प बसू नये. १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आर्थिक फसवणुकीसाठीच आहे. जितक्या लवकर कळवावे तितकी गेलेली रक्कम मध्येच रोखली जाण्याची आशा अधिक. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार घरबसल्या करता येते. संभाषण पुसून टाकू नये, कारण तोच पुरावा होय. धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत. दिल्याने धमकी थांबत नाही, वाढते. संगणकीय साधनांच्या आधारे दुसऱ्याचे सोंग घेऊन फसविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ डी कलमाखाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलांच्या बाबतीत १०९८ हा क्रमांक लक्षात ठेवावा.

दुसरे, फसलेल्या माणसाला आपण हसू नये. ‘शिकलेली असून एवढेही कळले नाही?’ हे वाक्य आपल्या उपासना मंदिरांच्या आवारात ऐकू येते, आणि ते ऐकून दहा जण आपली दुखणी गिळून बसतात. ठगाच्या हाती सापडलेल्या वाटसरूला आपण मूर्ख म्हणत नाही. मग सोबतीच्या भुकेने फसलेल्या विधवेला का म्हणावे? तिला रोज ‘आपण कसे आहात?’ असे विचारणारा परका मनुष्य भेटला, याचा एक अर्थ असाही होतो की, तिच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या आपणापैकी कोणी तिला तसे विचारीत नव्हते. जे काम मंडळीने करावयाचे, ते ठगाने केले. हे ऋण आपल्यावर आहे.

तिसरे, पलीकडे बसलेल्या माणसाचाही विचार मनातून जाऊ देऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसे अशाच फसवणुकीच्या कामाला जुंपलेली असावीत. नोकरीच्या आमिषाने नेलेली, पारपत्र काढून घेतलेली, मारझोड सोसणारी ही माणसे. २०२५ च्या मार्चमध्ये म्यानमारमधील अशा केंद्रांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी मायदेशी आणले. म्हणजे जो गोड बोलत आहे, तो स्वतःच कोणाचा तरी बंदी असू शकतो. त्याला पैसे दिल्याने तो सुटत नाही. त्याच्या धन्याचे बळ वाढते. त्याच्यासाठी प्रार्थना करता येते, तक्रार नोंदविता येते, आणि गुन्ह्याला न घाबरता नकार देता येतो. प्रीती आणि विश्वास वेगळे असल्याचा हा शेवटचा पुरावा.

प्रत्येक अनोळखी माणूस ठग असतो असे मात्र समजू नका. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात असता डब्यात एक अपरिचित गोरा गृहस्थ भेटला. दोघांचे मोकळे बोलणे झाले आणि त्याने त्यांना नवा करार भेट दिला. टिळकांनी त्याचे नावही विचारून ठेवले नाही. त्यानंतर त्यांनी वाचले, शंका काढल्या, विचार केला, आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्या अनोळख्या सहप्रवाशाने काही मागितले नाही, लपविले नाही, घाई केली नाही, आणि आपला पुढचा विचार टिळकांवर सोपवून तो आपल्या वाटेने गेला. परक्याकडून येणारे भले असे येते.

योहानाची दुसरी आणि तिसरी पत्रे अगदी लहान आहेत. दोहोंच्या शेवटी तो लिहितो की, सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते शाईने लिहिण्यापेक्षा समोरासमोर भेटून बोलण्याची आशा आहे. लिहून झालेल्या ओळखीचे स्थान त्याने किती नेमके दाखविले आहे! पत्र हा भेटीकडे नेणारा रस्ता आहे. त्या रस्त्याने आपण अवश्य जावे, आपल्या मुलाबाळांनाही जाऊ द्यावे. फक्त आपण कोणाबरोबर निघालो आहोत, हे घरी सांगून निघावे. आणि आपणही कोणाचे तरी अनोळखी मित्र होत असतो, तेव्हा आपले खरे नाव, खरे वय आणि खरा हेतू सांगण्याचे कर्तव्य आधी आपले आहे. ज्याने आपल्याला तपासून पाहिले, त्याच्यावर रागावू नये. त्याने आपल्याला सदरेवर बसविले आहे, आणि तो मान आहे.